आज शाळेची स्विम मीट (पोहण्याची स्पर्धा)

न्यू जर्सीतल्या थंडीतून आत शिरलो तर नुसता कल्ला! एरवी लेकीच्या स्विमिंग क्लबच्या मीटला अख्खा शनिवार-रविवार क्लोरीनच्या वासात बसायचं, तेही मिनिटभराच्या रेससाठी. आणि पाण्याबाहेर आली की पहिला प्रश्न, ‘टाइम किती?’ शाळेचं दोन तासांत उरकतं. एकीला जास्तीत जास्त चार इव्हेंट, त्यात वैयक्तिक दोनच. सगळ्यात लांब रेस ५०० यार्डांची. तिची लाडकी ४०० आयएम (एकाच रेसमध्ये चारही स्ट्रोक) तर शाळेत नाहीच, म्हणजे क्लब काही सुटत नाही. स्ट्रोक घडवले तेही क्लबनेच. पण शेवटच्या ४०० फ्रीस्टाइल रिलेला बाईसाहेब स्वतःचा टाइम विसरून मैत्रिणीसाठी घसा फोडत होत्या. क्लबात हे कधी पाहिलं नव्हतं बुवा! असो, उद्या पहाटे परत क्लबची प्रॅक्टिस. गाडी मीच चालवणार.