भरतीच्या पाण्यातून भौतिकशास्त्राकडे

भौतिकशास्त्राची ओळख बहुतेकांना व्याख्यांपासून होते: बल म्हणजे काय, वस्तुमान म्हणजे काय, कार्य म्हणजे काय. मला विचाराल तर मुंबईकराने ही सुरुवात हाजी अलीच्या वाटेपासून करावी. दर्ग्याकडे जाणारी ती वाट मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा उघडी पडते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण ५० मिनिटे उशिरा येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, म्हणून हा उशीर. तिथीवरून उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ओळखणाऱ्या कोळी बांधवांना चंद्राशी असलेला हा संबंध पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यामागचे कारण हिशेबासह मांडले ते मात्र न्यूटनने, १६८७ मध्ये.

कोणत्याही दोन वस्तू परस्परांना आकर्षित करतात आणि हे बल त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा त्याचा गुरुत्वाकर्षणाचा नियम. त्याची कसोटी मला आजही विलक्षण वाटते. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर आहोत, त्याच्या सुमारे ६० पट चंद्र दूर आहे. म्हणजे तेथे पृथ्वीची ओढ ३,६०० पटींनी क्षीण असायला हवी आणि चंद्राने एका सेकंदात जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडायला हवे. बल नसते तर तो गतीच्या पहिल्या नियमाप्रमाणे सरळ रेषेत निघून गेला असता. त्या सरळ रेषेपासून तो प्रत्यक्षात किती वळतो हे त्याच्या अंतरावरून आणि परिभ्रमणकाळावरून काढले, तर उत्तर तेवढेच येते. झाडावरून पडणारा नारळ आणि आकाशातला चंद्र यांना एकच नियम लागू पडतो, हे यातून सिद्ध होते.

भरतीचे गणित मात्र एक पायरी पुढचे आहे. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट असते, तरीही भरतीवर हुकमत चंद्राचीच चालते. याचे कारण असे की भरती एकूण ओढीवर अवलंबून नसते. पृथ्वीच्या जवळच्या बाजूवरची, केंद्रावरची आणि पलीकडच्या बाजूवरची ओढ यांत जो फरक पडतो, त्यावर ती अवलंबून असते, आणि हा फरक अंतराच्या घनानुसार घटतो. चंद्रापेक्षा सुमारे ३९० पट दूर असलेल्या सूर्याचा वाटा त्यामुळे चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी उरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांचे परिणाम एकत्र येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात आणि भांगाची भरती येते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या याच गणिताच्या आधारे. अर्थात किनाऱ्याचा आकारही मोजावा लागतो: मुंबईसमोरचा भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा जमिनीचा भाग) रुंद आणि उथळ असल्यामुळे येथील भरती गोव्याच्या भरतीहून बरीच मोठी असते आणि गुजरातमधल्या खंबातच्या आखातात ती आणखी वाढते. म्हणूनच नियमाला प्रत्यक्ष नोंदींची जोड लागते, आणि अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत, ही मला या शहराची फार मोठी श्रीमंती वाटते.

आता अक्षय्यतेचे नियम, म्हणजे ऊर्जेसारख्या काही राशी नष्ट होत नाहीत असे सांगणारे नियम. उथळ समुद्रात पाणी तळाशी घासते, त्या घर्षणात पृथ्वीच्या परिवलनाची (स्वतःभोवती फिरण्याची) ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते आणि पृथ्वी किंचित मंदावते. ऊर्जा नाहीशी झालेली नसते, पण ती उष्णता पुन्हा आपसूक परिवलनात परतत नाही. उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम तो हाच. कोनीय संवेगही (फिरत्या वस्तूच्या गतीचे एक माप) नष्ट होऊ शकत नाही, म्हणून पृथ्वीने गमावलेला संवेग चंद्राला मिळतो आणि तो दूर सरकतो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण सोडून हे अंतर मोजले जाते आणि ते दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने वाढत आहे. जवळपास ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरील वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा त्या काळच्या वर्षात सुमारे ४०० दिवस भरले; म्हणजे तेव्हाचा दिवस साधारण २२ तासांचा होता.