दोन बटणांमधली वही

जुन्या जर्मन फौजेचे ग्रुप फोटो बघायचा मला नाद आहे. अधिकारी सगळे एकाच साच्यातले, ताठ आणि कंटाळलेले. मी शोधतो तो त्यांच्या शेजारचा पोक्त सार्जंट. दोन्ही बाह्यांच्या टोकाला फितीची दोन-दोन कडी, आणि छातीवर, कोटाच्या दोन बटणांमध्ये खोचलेलं जाडजूड चामडी पाकीट. हा हाउप्टफेल्डवेबेल. सैनिकांच्या तोंडी नुसता 'श्पीस'. बाह्यांवरच्या त्या कड्यांना पोरं इंजिनातल्या पिस्टन रिंगा म्हणत. अर्थात तो ऐकण्याच्या टप्प्यात नसताना.

गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धातल्या वेरमाख्टमध्ये, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन फौजेत, हा हुद्दा नव्हताच, ती नेमणूक होती. कंपनीला, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या तुकडीला, एकच. योग्य माणूस हाताशी नसेल तर खालच्या हुद्द्याचा सार्जंटही ते काम बघायचा, आणि कडी त्याच्या बाह्यांवर चढायची.

आता ते पाकीट. बंदुकीपेक्षा त्याचा धाक जास्त असणार, असं मला वाटतं. त्यात कोरे फॉर्म, पेन्सिल, हजेरीची यादी, आज पहारा कुणाचा त्याची नोंद. बटण लोंबकळतंय? नाव वहीत. रायफलीच्या नळीत धूळ? नाव वहीत. रजेची यादीही त्याच्याच टेबलावर तयार होई. सही कॅप्टनची, पण नाव यादीत वर सरकणार की तळाला जाणार, हे कॅप्टनला कुठून ठाऊक असायला! लग्नघरात यजमान कुणी का असेना, कोठीच्या किल्ल्या ज्या मावशींच्या कमरेला, लाडू त्यांच्याच मर्जीने मिळतो. जर्मन शिपाई त्याला 'कंपनीची आई' म्हणत ते उगाच नाही. लढाई सुरू झाली की ही आई बहुतेक वेळा मागे, सामानसुमानाच्या गाड्यांपाशी. जेवण, टपाल, दारूगोळा पुढे धाडायचा आणि मेलेल्यांच्या चीजवस्तू घरी पाठवायची व्यवस्था बघायची.

फार मायेने लिहितोय, याची जाणीव आहे. याच वेरमाख्टच्या माथी पोलंड आणि रशियातली हत्याकांडं आहेत, आणि तिथल्या कंपन्यांचंही रेशन कुणीतरी वेळेवर पोचवत होतंच. चोख कारकुनीला कशाचंच वावडं नसतं.

कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातला याचा पूर्वज म्हणजे साधा फेल्डवेबेल; घोडदळात आणि तोफखान्यात त्यालाच वाख्टमाइस्टर म्हणत. १९१४ साली युद्धावर निघालेल्या पायदळाच्या कंपनीत सुमारे २५० माणसं, आणि त्यांची खडान्खडा माहिती याला. शांततेच्या काळात १२ वर्षं फौजेत काढली की अशा सार्जंटांना सरकारी नोकरीच्या हक्काचा दाखला मिळे. मग पोस्ट, रेल्वे, पोलीस, जकात, जिथे जागा असेल तिथे चिकटायचं. म्हणजे त्या काळच्या जर्मनीत पोस्टाच्या खिडकीमागच्या मिशाळ बाबूने उभं आयुष्य इतरांची बटणं तपासण्यात घालवलेलं असण्याची शक्यता बरीच. तिथे रांग मोडून 'जरा दोन तिकिटं द्या हो' म्हणणाऱ्याची मला खरंच कीव येते.