दारव्हा ते पुणे: दोन खोल्यांचं बिऱ्हाड, एक 407

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा ते पुण्याजवळचं वाघोली. कारंजाहून समृद्धी महामार्ग धरला की साधारण साडेपाचशे किलोमीटर. एप्रिलअखेर, शाळेच्या परीक्षा आटोपल्यावरची ही फेरी.

आधी भाड्याचं. भरलेली 407, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, लिटरला आठेक किलोमीटर देते. एका बाजूला 70 लिटर, 92 चा भाव धरला तरी 6,400 रुपये नुसतं डिझेल. गावातली गाडी सांगितली की ती रिकामी परत येणार, आणि तेही डिझेल आपल्याच माथी. म्हणून परतीची गाडी बघा: नगर-पुण्याकडून कांदा किंवा हार्डवेअर उतरवायला आलेली. आडत्याला, हार्डवेअरवाल्याला आठ दिवस आधी सांगून ठेवा आणि तारीख दोन दिवस पुढंमागं होऊ द्या. टोल, दोन्हीकडची हमाली आणि थांबल्याचे तास कोणाकडे, हे भाडं ठरतानाच बोलून घ्या. भांडण नेहमी इथंच होतं.

लोखंडी कूलर नेऊ नका. एकटा तीन बाय तीन फूट जागा खातो, पुण्यात त्याचं फारसं काम नाही, आणि एप्रिलात गावातच हातोहात खपतो. गॅसचं सिलिंडरही गाडीत नको. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घ्या. अनामत परत मिळते आणि त्या कागदावर पुण्यात नवीन जोडणी होते.

टिनाच्या कोठीत गहू तसाच ठेवून नेला की हादऱ्यांनी बुडाचा जोड उकलतो. गहू कट्ट्यांत (पोत्यांत) भरून गाडीच्या तळाला पसरा, कोठीत गोधड्या कोंबा. कपाट, फ्रीज आणि दिवाण केबिनला टेकवून. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसलेला, उभाच. इन्व्हर्टरची बॅटरीही उभी, प्लास्टिकच्या घमेल्यात, टोकांना चिकटपट्टी. आडवी झाली की ॲसिड सांडून खालची पोती जळतात. काचसामानाला कुटार (भुसा) वापरू नका, धूळ आणि खाज आठ दिवस जात नाही. जुनी लुगडी बरी. ताटल्या खोक्यात उभ्या लावायच्या, आडव्या रचल्या की खालच्या फुटतात. बादली, शेगडी, पाना-पक्कड आणि अंथरूण सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरतं.

दुपारी साडेचारला निघालो. कारंजाला गाडी थांबवून दोर पुन्हा आवळले. पहिल्या तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये सामान बसतं आणि दोर हमखास ढिले पडतात. ताडपत्रीचं पुढचं टोक केबिनकडून दुमडून बांधा, नाहीतर समृद्धीवरचा वारा ती फाडतो. टायरची हवा आणि डिझेल समृद्धीवर चढण्याआधीच बघा. जेवणाचा डबा सोबत असू द्या, रस्त्यात सोयी लांब-लांब आहेत. दुचाकीला तिथं बंदी आहे, म्हणून तीही गाडीतच, पेट्रोल काढून.

छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाड्याला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. पुढं वाळूज, अहिल्यानगर. शिक्रापूर ते वाघोली पहाटे सहाच्या आत पार करायचं. नंतर कोंडीत दोन तास जातात आणि हमाल ताटकळले की जास्तीचे पैसे मागतात. सोसायटीत सामान चढवायच्या वेळा आणि लिफ्टचे नियम आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्या.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद, लागत नाही. तरी सामानाची सहीनिशी यादी आणि आधारची झेरॉक्स चालकाजवळ द्या. खोक्यांवर आकडे टाका, उतरवताना त्याच यादीवर खुणा करा. फ्रीज जागेवर लावल्यावर चार तास तरी सुरू करू नका.