श्री. आणि कै.

मंगळवार, रात्री साडेअकरा

बापूकाकांचा फोन दोनच मिनिटांचा. "यंदा सूत्रसंचालन नितीनकडं देऊ या. तू बस की आमच्यासंगं खुर्चीवर." वर हसले. मीही हसलो. फोन ठेवून अर्धा तास गॅलरीत उभा, आणि डोक्यात आला कोण तर स्कॉटलंडचा जुना गोलकीपर जिम लेटन.

१० जून १९९८, आबांसोबत टीव्हीवर फुटबॉल वर्ल्ड कपची ब्राझील-स्कॉटलंड मॅच. समोर रोनाल्डो, आणि गोलात हा एकोणचाळीस वर्षांचा, पुढचे दात नसलेला, फेंगड्या पायांचा. "गोलकीपर हाय का कुणाचा सासरा?" आबा म्हणाले होते. स्कॉटलंड २-१ हरलं, तेही टॉम बॉइडच्या अंगावर आपटून आत गेलेल्या गोलानं. तेव्हापासून हा माणूस मला चिकटला.

त्याला घडवला प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसननं. १९८३ ला त्यांच्या अबर्डीन या स्कॉटिश क्लबनं भर पावसात रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप उचलला, तेव्हा गोलात हाच. फर्ग्युसन इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला गेला, मागून यालाही बोलावून घेतलं. आणि १९९० ची एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची फायनल ३-३ अशी सुटल्यावर, पाच दिवसांनी पुन्हा खेळायची तेव्हा, त्याच फर्ग्युसननं याला बाहेर बसवला. दुसऱ्या क्लबाकडून उसना आणलेला लेस सीली गोलात उभा राहिला. युनायटेड १-० जिंकलं.

जिंकलं, हेच मला सोसत नाही. हरले असते तर लेटनला निदान झोप तरी लागली असती. सीलीनं आपलं पदक त्याला देऊ केलं, त्यानं ठेवून घेतलं नाही. मीही घेतलं नसतं. नितीनचा "दादा, मार्गदर्शन करा" असा मेसेज संध्याकाळपासून पडून आहे.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. पण बापूकाका! नववीत असताना थरथरत्या हातात माइक त्यांनीच दिला होता. आबा गेले त्या वर्षी तर... जाऊ दे. मनातून मला यंदाचा कार्यक्रम पडायला हवाय. लिहून टाकलं एकदाचं.

बारा वाजून गेले. मग मागच्या वर्षीचंही लिहायला हवं. देणगीदारांची यादी वाचताना एका 'श्री.'चं मी 'कै.' केलं. गृहस्थ पहिल्याच रांगेत चहा पीत बसले होते. कप ओठापाशी तसाच राहिला. माझा चष्मा खिशात. स्टेजवर घालत नाही, फोटोत म्हातारा दिसतो.

लेटनचीही तीच गत. १९८५, कार्डिफ, वेल्सविरुद्ध वर्ल्ड कपची पात्रता फेरी. याची एक कॉन्टॅक्ट लेन्स पडली, आणि जादा जोड आणलेलीच नाही. मध्यंतरानंतर राखीव गोलकीपर ॲलन रफ उतरला. हा लेन्स घालतो हे प्रशिक्षक जॉक स्टीनना तोवर ठाऊकच नव्हतं. क्लबात रोज समोर असणाऱ्या फर्ग्युसनलाही नाही! त्याच मॅचच्या शेवटी स्टीन कोसळले, त्याच रात्री गेले. त्यावर काही लिहवत नाही.

बाहेर बसवलेला हा गडी पुढं डंडी, हिब्स असे क्लब करत अबर्डीनला परतला. देशाकडून ९१ मॅच. अबर्डीनकडून शेवटची मॅच २००० ची स्कॉटिश कप फायनल, समोर रेंजर्स, वय एकेचाळीस. सुरुवातीलाच धडक बसून जबडा मोडला, आणि बाकावर दुसरा गोलकीपरच नाही. रॉबी विंटर्स, चांगला फॉरवर्ड, त्याला हातमोजे घालून उभा केला. रेंजर्सनी चार घातले.

इथं मला एकट्यालाच हसू फुटलं. ऐन दिवशी नितीनचा घसा बसला तर बापूकाका कुणाला उभा करतील? ढोलवाल्या पम्याला?

नितीनला शेवटी मेसेज टाकला: 'श्री.' निळ्या पेनानं लिहून घे, 'कै.' लाल. आणि चष्मा लागला असेल तर गुमान घाल.

लगेच निळी टिक. म्हणजे हाही जागाच.