सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होईना

पावसाळा लागला की खानापूर-जांबोटीकडच्या पेट्रोल गाड्यांची ठरलेली तक्रार: सकाळी सेल्फ फिरतो, गाडी लवकर चालू होत नाही, झालीच तर सिग्नलला बंद. आजही तेच. आणि गाडीत बॅटरी मात्र नवीकोरी!

अहो, आधी मोजा तरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना १० च्या वर असेल, तर बॅटरीला हात लावू नका.

मग चावी नुसती ऑन करा. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद घुरघुरतो. असं तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन चालू झाली, तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय. कारण पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), नाहीतर गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). लाइनला प्रेशर गेज लावा, बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार दिसतं. इंजिन बंद करताच काटा झरझर खाली आला की समजा, प्रेशर टिकत नाही.

आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना बंद पडते ती बहुधा थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातल्या) काजळीनं. क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटानं ढकलू नका.

चोर्ला घाट चढून तापल्यावर बंद, अर्ध्या तासानं आपोआप चालू? क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) बघा, तोही गरम असतानाच. थंड झाल्यावर तो साळसूदपणे बरोबर रीडिंग देतो.