तलेबुरुडे

बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या माळ्यावरून परवा 'इंद्रजाल' कॉमिक्सचा गठ्ठा खाली काढला. सगळ्यात वरचा अंक कन्नड. कव्हर गायब. आत मात्र संवादांच्या फुग्यांच्या कडेनं पेन्सिलीत माझंच बारीक अक्षर: गुहे, काडु, तलेबुरुडे. म्हणजे गुहा, जंगल, कवटी.

मी मराठी अंक घ्यायचो, शेजारचा मित्र कन्नड. चित्रं तीच. त्यातला मुखवटेवाला नायक वेताळ काय बोलतोय ते मला आधीच पाठ, त्यामुळं कन्नड फुग्यावर बोट ठेवून एकेक अक्षर ओळखत जायचं. कन्नडच्या तासाला छड्या खाऊन जे जमलं नाही, ते असं जमलं.

आज्जी सावंतवाडीकडची, घाट चढून इकडं दिलेली. तिचा वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्याला केळी आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. माझा वेताळ बघून ती म्हणाली, "चड्डी वरनं घातलीय की रे ह्यानं! पायात काय असतंय?"

"बूट."

"मग चालतंय."

खरं तर त्याचा बाप अमेरिकन. ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ला ही चित्रपट्टी सुरू केली तेव्हा तो २४ वर्षांचा होता. चित्रं रे मूरची. १५३६मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एकजण बापाच्या खुन्याच्या कवटीवर शपथ घेतो. पुढं बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोकांना वाटतं, हा मरतच नाही. आमचा एकविसावा. मूळ इंग्रजीत चाचे 'सिंग' आणि जंगलातली माणसं 'बांदार'. नावं आपल्याकडचीच उचललेली. गोरा माणूस काळ्यांच्या जंगलाचा राखणदार, हे आता वाचताना खटकतं. तेव्हा डोक्यातही आलं नाही.

'इंद्रजाल' १९६४ला निघालं, १९९०ला बंद पडलं. इंग्रजी फँटम म्हणजे 'चालतं भूत'. त्याला ज्यानं वेताळ म्हटलं त्याला मी मानतो. आज्जीला समजावून सांगायचं कामच उरलं नाही.

मित्र आता हुबळीत असतो. पेन्सिलीच्या पानाचा फोटो पाठवला, तर लगेच फोन आला. "आरं, त्याचं कव्हर मीच फाडलेलं की! ट्रंकेच्या झाकणाला आतनं चिकटवलंय. अजून हाय."