सगळ्यांचा दुसरा नंबर

वर्षातल्या दहा उत्तम चित्रपटांची यादी मला चित्रपटांइतकीच आवडते, कधीकधी अंमळ जास्तच. चित्रपटाला अडीच तास द्यावे लागतात, यादी दूध उतू जायच्या आत वाचून होते. डिसेंबर लागला की आधी न्यूयॉर्कचे समीक्षक आपली निवड जाहीर करतात, पाठोपाठ लॉस एंजेलिसचे, त्यांच्याच आगेमागे लंडन-पॅरिसची मासिकं, मग बराक ओबामा. सर्वांत शेवटी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधले एक गृहस्थ. त्यांच्या पहिल्या दहांत नेहमी अकरा चित्रपट असतात आणि आजवर कुणी त्यावर हरकत घेतलेली नाही. पुढे जानेवारीत गोल्डन ग्लोब, फेब्रुवारीत बाफ्टा आणि होळीच्या आगेमागे ऑस्कर. म्हणजे तिळगुळापासून पुरणपोळीपर्यंत बोलायला विषय मिळतो. यातले निम्मे चित्रपट ठाण्यात लागलेले नसतात, पण त्यामुळे बोलणं अडत नाही.

ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट नेमका ठरतो कसा, हे कळलं तेव्हापासून त्या पुरस्काराबद्दल मला थोडी आपुलकी वाटायला लागली. २००९ सालच्या चित्रपटांपासून तिथे पाचाऐवजी दहा नामांकनं आली आणि मोजणीची पद्धतही बदलली. मत देणारे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सभासद, दहा हजारांच्या आसपास. त्यांनी एकाच नावावर शिक्का मारून मोकळं व्हायचं नसतं, पसंतीप्रमाणे पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर घालायचे असतात. मोजताना आधी सगळ्यांचे पहिले नंबर बघतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाले नाहीत, तर सर्वांत कमी मिळालेला चित्रपट बाद होतो आणि त्याला पहिला नंबर देणाऱ्यांच्या मतपत्रिका त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे वळतात. असं एकेक गळत जातं, कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत. चार जणांचा जीव की प्राण आणि बाकीच्यांच्या डोक्यात जाणारा चित्रपट या पद्धतीत मागे पडतो. बहुतेकांनी 'हाही चालेल' म्हणून वरच्या तीन-चारांत लिहिलेला पुढे सरकतो.

आमच्या घरी शनिवारी रात्री हेच चालतं, फक्त अंगात कोट नसतात. सासूबाईंना रडवणारा पण शेवट गोड असलेला चित्रपट हवा असतो. मुलीला कोरियन काहीतरी, आणि तेही मूळ भाषेतच. नवऱ्याला पाणबुडी किंवा दरोडा, दोन्ही असेल तर सोन्याहून पिवळं. मला ज्यात कुणी फार बोलत नाही असा. ताटं उचलली जातात, ओटा पुसून होतो, तरी रिमोट या हातातून त्या हातात फिरतोच आहे. शेवटी लागतो तो चित्रपट कुणीच मागितलेला नसतो, पण कुणी उठूनही जात नाही. सासूबाई पडद्यावरची नावं वाचत चष्मा काढतात आणि म्हणतात, "बरा होता." आमच्या घरचा ऑस्कर तो हाच.

मतदानातून आलेल्या यादीबद्दल माझी तक्रार एवढीच की तिच्यावर कुणाच्याच बोटांचे ठसे नसतात. ठसे बघायचे तर एकट्यादुकट्याची यादी बघावी. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सहकारी बँकांच्या फुकट मिळालेल्या डायऱ्यांची एक उभी चळत आहे आणि तिच्यात त्यांनी पाहिलेला प्रत्येक चित्रपट नोंदवलेला आहे. तारीख, थिएटर, तिकीट, बरोबर कोण होतं, दहापैकी मार्क आणि शेरा. जुन्या पानांवर 'मल्हार' आणि 'वंदना' ही थिएटरं दर आठवड्याला भेटतात, नव्या पानांवर मॉलची नावं आणि तिकिटापुढे उद्गारचिन्ह. शेरे वाचावेत असे आहेत. 'नायक पळतो फार.' 'मध्यंतरानंतर दुसराच चित्रपट.' 'संगीत मोठे.' एकदा नुसतंच 'का?' आठच्या वर त्यांनी आजवर कुणाला चढू दिलेलं नाही. वरचे दोन मार्क कुणासाठी राखून ठेवलेत, हे काकूंनाही माहीत नाही.

एकतीस डिसेंबरला काका लाल पेनाने दहा नावांना गोल करतात. चित्रपट त्याच वर्षी आला असला पाहिजे अशी अट नाही, त्यांनी त्या वर्षी पाहिलेला असला म्हणजे झालं. त्यामुळे एका वर्षी त्यांच्या पहिल्या दहांत तीन चित्रपट कृष्णधवल होते. एका चांगल्या चित्रपटाचा त्यांनी अर्धा मार्क कापला होता, कारण थिएटरमधला एसी थेट मानेवर येत होता. एसीचे मार्क चित्रपटातून कसे कापता, असं मी विचारलं. "बसलो कोण होतो?" असा उलट प्रश्न आला. मला हे पटलं. पॅरिसच्या मासिकांतही कुणाच्या ना कुणाच्या मानेवर एसी येत असणार, ते लिहीत नाहीत इतकंच.

परदेशातल्या शर्यतीत आपला घोडा कोण, हा मात्र याद्यांमधला सर्वांत झोंबणारा भाग. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. तिकडे सगळ्या देशांच्या चित्रपटांतून डिसेंबरात पंधरांची यादी निघते आणि जानेवारीत पाचांची. त्या पाचांत भारताने पाठवलेले चित्रपट पोचले ते तीनच: १९५७चा 'मदर इंडिया', १९८८चा 'सलाम बॉम्बे' आणि २००१चा 'लगान'. २०२५मध्ये 'होमबाउंड' पंधरांपर्यंत गेला, तेव्हा काकांनी डायरीत त्याचा वेगळा चौकोन आखला होता.

२०२४ साल मात्र रंगलं. समितीपुढे २९ चित्रपट होते. त्यात पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' होता. मे महिन्यात फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं होतं. तेही तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, पण तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचायलाच तीस वर्षं गेली होती. समितीने निवडला किरण राव यांचा 'लापता लेडीज'. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले आणि दोन्ही तटांतल्या बहुतेकांनी दुसरा चित्रपट पाहिलेला नव्हता. या भांडणात कुणाच्या लक्षात आलं नाही की दोन्हीकडे छाया कदम आहेत. एकीकडे फलाटावर टपरी चालवणाऱ्या मंजूमाई, दुसरीकडे मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणाऱ्या पार्वती. काहीही निवडलं असतं तरी बाई तिकडे जाणारच होत्या! पुढे पंधरांच्या यादीत 'लापता लेडीज' आला नाही. हिंदी बोलणारा एक चित्रपट तिथे होता, संध्या सुरी यांचा 'संतोष', पण तो पाठवला होता ब्रिटनने. आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाच्या वार्षिक यादीत 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' पहिला आला.

हा चित्रपट का नाही पाठवला, याचं एक कारण फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. तो पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतोय असं समितीला वाटलं म्हणे. मी तो ठाण्यात पाहिला, एका मॉलमध्ये, रात्रीच्या अडनिड्या वेळेच्या एकुलत्या एका खेळाला. पार्वती नवऱ्याच्या पश्चात त्याच खोलीत वर्षानुवर्षं राहते आहे. बिल्डर खोली खाली करायला सांगतो, आणि खोली आपली आहे असं सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नाही. जाण्यापूर्वी ती आणि तिची मैत्रीण रात्री रस्त्यावर उभं राहून टॉवरच्या जाहिरातीच्या भल्यामोठ्या बोर्डावर दगड मारतात. मग ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. हे जर युरोपीय असेल, तर आमचा घोडबंदर रोड बेल्जियममध्ये आहे. तिथल्या प्रत्येक पुलाच्या तोंडाशी तसला बोर्ड आहे, वर ढग, ढगात पोहण्याचा तलाव आणि तलावात कधीही ठाण्यात न दिसलेलं एक कुटुंब.

काकांची इमारत सध्या पुनर्विकासात जायच्या बेतात आहे. शेअर सर्टिफिकेट, करारनामा, १९८० सालापासूनच्या मेंटेनन्सच्या पावत्या असं सगळं त्यांनी प्लॅस्टिकच्या फायलींत क्रमाने लावलंय. या चित्रपटापुढचा त्यांचा शेरा असा: 'कागदपत्रे नसली की काय होते ते नीट दाखवले. ७.' जगभरातून या चित्रपटावर जे काही लिहून आलं, त्यात कवितेबद्दल होतं, पावसाबद्दल होतं, मुंबईच्या निळ्या उजेडाबद्दल तर फारच होतं. मला काकांचा शेरा त्या सगळ्याच्या तोडीचा वाटतो.

बेल्जियम म्हटल्यावर आठवलं. 'साइट अँड साउंड' दर दहा वर्षांनी एक महायादी काढतं, आजवरच्या सर्व चित्रपटांची. १९५२पासून हे चाललंय. सुरुवातीला 'बायसिकल थीव्ह्‌ज', मग १९६२पासून २००२पर्यंत दरवेळी 'सिटिझन केन', २०१२मध्ये 'व्हर्टिगो'. २०२२मध्ये सोळाशेहून जास्त लोकांनी मतं दिली आणि पहिला आला १९७५चा 'जान दिलमान'. दिग्दर्शिका शांताल आकेरमान, तेव्हा जेमतेम पंचविशीची. त्याच्या पूर्ण नावात ब्रसेल्समधला घरचा पत्ताच आहे, पिनकोडसकट. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बाकीही काही घडतं, ते सांगत नाही. या कौलात प्रत्येकाने दहा नावं द्यायची असतात, त्यांना नंबर नाहीत. गंमत म्हणजे पहिला आलेला चित्रपट मत देणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या दहांत नव्हताच.

शनिवारच्या एका रात्री सगळे पेंगुळलेले बघून मी तो लावला. नवरा बटाट्यांच्या दृश्यापर्यंतही टिकला नाही. सासूबाई मात्र पुढे सरकून बसल्या. पडद्यावर बाई टेबलाशी बसून बटाटे सोलत होती, एकेक, सावकाश, कॅमेरा ढिम्म.

"कच्चेच सोलते?" सासूबाई म्हणाल्या. "उकडून घ्यायचे की. सालं हातात निघतात."

"आई, तिकडे तशीच पद्धत आहे."

"असेल. पण सालं जाड काढतेय. मन नाही तिचं कामात."

तिचं मन ठिकाणावर नाही, हे सांगायला समीक्षकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत. सासूबाईंना ते सालाच्या जाडीवरून कळलं. त्या बाईचे बटाटे एका संध्याकाळी जास्त शिजून बिघडतात आणि तिचा दिवस जो उसवतो तो उसवतोच. त्या वेळी सासूबाई "अगं अगं" म्हणाल्या, दरोड्याच्या चित्रपटात नवरा म्हणतो तसं. युरोपीय चित्रपट नौपाड्यात घडू शकतो, हे मला त्या रात्री पटलं.

आपल्या मराठीचं या शर्यतीत काय, असा प्रश्न ग्रुपवर कुणीतरी विचारतंच. तसं आपलं खातं जुनं आहे. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३७मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, तेव्हा याद्या करणारे आजचे बहुतेक लोक जन्मालाही आले नव्हते. भारताकडून ऑस्करला गेलेल्या मराठी चित्रपटांत संदीप सावंत यांचा 'श्वास', परेश मोकाशी यांचं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आहेत. २०२५च्या सुरुवातीला रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचं मुख्य ज्युरी पारितोषिक मिळवलं. या सगळ्यांत 'श्वास'ची हकीकत वेगळी, कारण तेव्हा सगळा महाराष्ट्र निर्माता झाला होता. अमेरिकेत जाऊन चित्रपट तिथल्या मतदारांना दाखवायचा, जाहिरात करायची, तर पैसा लागतो, आणि तो त्या मंडळींकडे नव्हता. म्हणून २००४मध्ये लोकांनी पैसे गोळा केले. काकांनीही दिले. त्यांच्या बँकेत त्यांनी स्वतः डबा फिरवला होता.

एप्रिल २०२५मध्ये अकादमीने नवा नियम केला. शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट आता पाहिलेले असले पाहिजेत. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं न बघताच? आणि आम्ही इकडे डबे फिरवत होतो!"

परभाषेतल्या, म्हणजे आताच्या आंतरराष्ट्रीय, चित्रपटांच्या विभागात पाहण्याची सक्ती त्या काळीही होती, पाचही पाहिल्याशिवाय तिथे शेवटचं मत देता येत नसे, असं मी समजावलं. तेव्हा ते जरा निवले.

"मग ठीक. आपला चित्रपट साडेसातचा होता."

"आठ दिले होते तुम्ही," काकू आतून म्हणाल्या. "रडला होतात."

काका स्टुलावर चढून २००४ची डायरी घेऊन आले. सात निघाले. काकूंनी लाल पेन मागितलं.